डोणगावच्या कानाला ‘सौभद्र’ परकं नाही

भाचा : आत्या, ‘सौभद्र’ हे संगीत नाटक बघायला चल म्हणतेस खरी, पण डोणगावातून अकोल्यापर्यंत जायचं आणि तिथे रागदारी ऐकायची, तर ती आधी कळायला नको का? युरोपातल्या ऑपेराबद्दलही असंच ऐकलंय, की तयारीशिवाय त्यात शिरता येत नाही.

आत्या : तुझी तयारी झालेली आहे, म्हणून तर म्हणते. सप्ताहात बुवा निरूपण करत एका जागी येतात, तिथे नुसतं बोलणं पुरेनासं होतं, मग ते अभंग उचलतात आणि टाळ-मृदंग लागतो. बोलता बोलता माणूस गायला का लागला, असा प्रश्न तुला तिथे कधी पडला नाही. संगीत नाटकाचंही तसंच. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’. त्यांतली कितीतरी पदं साकी, दिंडी, ओवी अशा चालींची आहेत. कीर्तनात आणि घराघरांत त्या चाली आधीपासून रुळलेल्या होत्या. प्रेक्षकाला नाटकगृहात येऊन नवं काही शिकावं लागलं नाही. ऑपेराचा जन्म वेगळा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधले विद्वान प्राचीन ग्रीक नाटक कसं गायलं जात असेल याचा शोध घेत होते, त्यातून तो घडला. म्हणून तिथे साधं बोलणंही बहुधा गाऊनच होतं. आपल्याकडे पात्रं गद्यात बोलतात आणि मन भरून आलं की गातात. पहिल्यांदा येणाऱ्याला हे फार सोपं जातं.

भाचा : पण गाणं लागलं की गोष्ट थांबते. कीर्तनात ते चालतं. नाटकात पुढे काय होणार याची ओढ असते.

आत्या : ‘सौभद्र’मध्ये पुढे काय होणार हे तुला आजच ठाऊक आहे : सुभद्रा अर्जुनालाच मिळणार. तरी लोक सव्वाशेहून अधिक वर्षं ते बघत आले. बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, अर्जुनाचा पत्ता नाही, अशा घडीला त्या मुलीच्या जिवाचं काय होतं, हे ऐकायला ते बसतात. गोष्ट थांबते ती तेवढ्यासाठी. तुझा आक्षेप सगळा खोडता मात्र येत नाही. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखल्यांच्या चाली मिळाल्या, ख्यालगायकी नाटकात पक्की बसली, आणि बालगंधर्वांच्या गळ्यापायी वन्समोअरवर वन्समोअर पडू लागले. गाणं थोर होतं. नाटक मागे पडलं, हेही मानलं पाहिजे. पण हा दोष नाट्यप्रकाराला चिकटलेला नाही. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये घराण्यांचं वैर हाच विषय घेतला. तिथे गाणं काढलंस तर गोष्टच उरत नाही. त्यातले खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचे.

भाचा : तरी ही आवड पुण्या-मुंबईचीच ना?

आत्या : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्याच जिल्ह्यात, खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली करत होते. त्यांचं ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने १८९६ मध्ये केलं. पारशी रंगभूमीच्या चाली मराठी पदांत आणण्याचं मोठं श्रेय त्यांचं, आणि नाटककार राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. प्रयोग डोणगावसारख्या गावात येत नाहीत, जाण्यायेण्याला नि तिकिटाला पैसे पडतात, हे खरं आहे आणि मला ते खुपतं. त्यावरून इथल्या माणसाला गाणं कळत नाही असं कुणी म्हटलं, तर ते मी ऐकून घेणार नाही. आपण तिसऱ्या घंटेच्या आधी जागेवर बसू. नांदी चुकवायची नाही. आणि एखादी जागा आवडली तर खुशाल दाद दे, कीर्तनात देतोस तशी.