भाषा दोन्ही तीरांच्या, कागद एकाच तीराचे

बेला, जैनथ, तामसी, भीमपूरहून आदिलाबादच्या डिग्री कॉलेजात येणाऱ्या पोरापोरींनो, घरी मराठी, बसमध्ये तेलुगू आणि वर्गात इंग्रजी असं तुमचं चाललंय. आमचंही तसंच चाललं होतं. काकतीय विद्यापीठाची डिग्री घेऊन आमच्यातले कुणी बँकेत लागले, कुणी शाळेत, कुणी जिनिंगच्या हिशेबाला. त्यांच्या अनुभवाचं सार थोडक्यात सांगते.

पहिलीपासूनचे बोनाफाईड आधी काढा. तेलंगणात सरकारी थेट भरतीच्या ९५ टक्के जागा स्थानिकांना असतात, आणि स्थानिक कोण हे डिग्रीवरून ठरत नाही. २०१८ च्या राष्ट्रपती आदेशापासून पहिली ते सातवी कुठे झाली ते पाहतात. आपल्याकडे पोरं दोन-चार वर्षं आजोळी शिकतात, आणि आजोळ बहुधा पैनगंगेपलीकडे यवतमाळात, नाहीतर नांदेडकडे असतं. म्हणून कोणती वर्षं कुठे गेली हे आजच मांडून ठेवा. नोटिफिकेशन निघाल्यावर जुन्या शाळेत धावाल, तर हेडमास्तर रजेवर असतील किंवा शाळाच दुसरीत विलीन झालेली असेल. आपला जिल्हा बासर झोनमध्ये येतो. झोनच्या जागांसाठी तुमची गाठ निर्मल, निजामाबाद आणि जगित्यालच्या पोरांशी आहे, हेही ध्यानात ठेवा.

नाव सगळीकडे एकच ठेवा. तेलुगू रीतीत आडनाव आधी, आपल्या रीतीत शेवटी, मधे वडिलांचं नाव. त्यामुळे दहावीच्या मेमोवर एक, आधारवर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच नाव दिसतं. दहावीचा मेमो प्रमाण धरा आणि बाकीचं त्याला जुळवून घ्या. पोरींनो, लग्नानंतर सासरचं नाव लावायची घाई करू नका. भरतीच्या मधेच नाव बदललं, की कागद पडताळणीच्या दिवशी शपथपत्रं करत फिरावं लागतं.

जातीचा दाखला याच राज्याचा लागतो. एकच समाज नदीच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या यादीत असतो. बंजारा तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहेत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एका राज्याच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या नोकरीत आरक्षण मिळत नाही. पाहुण्यांनी तिकडची जाहिरात पाठवली, तर खुल्या प्रवर्गात टिकाल का, याचा हिशेब करूनच अर्ज भरा.

तेलुगू नुसती बोलू नका, लिहा. राज्य लोकसेवा आयोगाच्या ग्रुप परीक्षांना इंग्रजी, तेलुगू आणि उर्दू चालते, मराठी नाही. पुढे कचेरीतही फायलीवरचं टिपण वाचावंच लागतं. रोज तेलुगू पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचा आणि चार ओळींत उतरवा.

मराठी सोडू नका. रेल्वेची भरती, बँकेतली क्लार्कची परीक्षा आणि २०२३ पासून कर्मचारी निवड आयोगाची एमटीएस, या परीक्षा मराठीत देता येतात. क्लार्कच्या जागेसाठी ज्या राज्यात अर्ज कराल तिथली भाषा यावी लागते. स्टेट बँकेत तर दहावी-बारावीला ती भाषा घेतल्याचा पुरावा दाखवला, की भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. म्हणून मराठी आणि तेलुगू दोन्ही असलेला मेमो जपून ठेवा. शिक्षक व्हायचं असेल तर टेटला पहिली भाषा मराठी घेता येते आणि डीएससीत मराठी माध्यमाच्या जागाही निघतात. पण त्या थोड्या असतात, त्यांच्याच भरवशावर वर्षं घालवू नका.

कापसाचा हंगाम वाया घालवू नका. बीकॉमवाल्यांनी दिवाळीनंतर सुटीच्या दिवशी एखाद्या जिनिंगच्या मुनीमजींजवळ बसावं. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयचा भाव का उतरतो आणि १२ च्या वर माल का परत जातो, वजनाच्या चिठ्ठीपासून जीएसटीच्या बिलापर्यंत हिशेब कसा चालतो, हे वर्गात कळत नाही. पहिल्या मुलाखतीत बोलायला हेच कामी येतं.

धाकट्यांना वेळेवर सांगा. डॉक्टर व्हायचं म्हणून दहावीनंतर लातूर-नांदेड गाठणारे पुष्कळ आहेत. तेलंगणात मेडिकलच्या स्थानिक कोट्यासाठी साधारणपणे नववी ते बारावी ही सलग चार वर्षं राज्यातच शिकावं लागतं. क्लासची फी भरण्याआधी चालू वर्षाचा नियम वाचा.

सीमेवर राहणाऱ्याला दोन भाषा फुकट मिळतात, ती आपली कमाई. कागद मात्र कुणी फुकट सांभाळून देत नाही. तेव्हा येत्या शनिवारी गावच्या शाळेत जा आणि पहिली ते सातवीचे बोनाफाईड मागून घ्या.