रात्रीच्या दिव्यांचा फोटो 'हलतो' का?



सुट्टीत मुलं मुंबईला जातात, मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा फोटो काढतात आणि मग तक्रार सुरू होते : "फोटो हलला. आपला मोबाईल साधा आहे ना!" नवीन मोबाईल घेण्याआधी मुलांना कारण शोधायला लावू या.

दिवसा उजेड भरपूर असतो. सेकंदाचा शंभरावा भागही फोटोला पुरतो. रात्री पुरेसा प्रकाश गोळा करायला कित्येक सेकंद लागू शकतात. तेवढ्यात हात जरा हलला, की दिव्याच्या ठिपक्याची रेघ होते.

वेळ कमी करायचा तर आयएसओ वाढवावा लागतो. आयएसओ दुप्पट, तर वेळ निम्मा. १०० ला ८ सेकंद लागत असतील, तर २०० ला ४, ४०० ला २, ८०० ला १ आणि १६०० ला अर्धा सेकंद. व्यस्त प्रमाण शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. पण यात प्रकाशच कमी मिळतो, म्हणून फोटोत दाणे दिसतात. शिवाय अर्धा सेकंदसुद्धा हात स्थिर राहत नाही. म्हणजे खरा उपाय एकच : आधार.

काय करावं?

१. सूर्यास्तानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी फोटो काढा. दिवे लागलेले असतात आणि आकाशात निळसर उजेडही असतो.

२. आधी लेन्स स्वच्छ पुसा. बोटाच्या डागामुळे दिव्याभोवती धूसर वलय येतं.

३. ट्रायपॉड नसेल तर मोबाईल भिंतीला किंवा दप्तराला टेकवा. कठड्याबाहेर हात काढू नका.

४. दूरच्या दिव्यावर बोट दाबून फोकस पक्का करा. दिवे फार पांढरे दिसले तर उजेड थोडा कमी करा.

५. ३ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही.

६. झूम टाळा. नाइट मोडमध्ये मोबाईल अनेक फोटो घेऊन एकत्र जोडतो, तेव्हाही तो स्थिरच हवा.

कॅमेरा असेल तर ट्रायपॉडवर आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/८ पासून सुरुवात करा.

मुलांसाठी कृती

गच्चीतून एकाच दिव्याचे तीन फोटो काढायला सांगा : हातात धरून, टेकवून, आणि टेकवून टायमर लावून. मग फोटो मोठे करून पाहा. सगळ्या दिव्यांच्या रेघा एकाच दिशेला वळल्या असतील तर मोबाईल हलला. दिवे गोल पण पसरट असतील तर फोकस चुकला. फक्त गाड्यांच्याच रेघा असतील तर काहीच बिघडलेलं नाही, कारण गाड्या चालतच होत्या!

निष्कर्ष मुलांनाच वहीत लिहू द्या. साधनाला दोष देण्याआधी कारण तपासून पाहायचं, ही सवय फोटोपलीकडेही उपयोगी पडते.