शेजारच्या चॅनेलमधली खोटी नोंद

चि. मुक्ता हिस,


अवकाशात जाणाऱ्या तुमच्या सिलिकॉन-पट्ट्यांच्या डिटेक्टरमध्ये शेजारच्या चॅनेलवर उमटणाऱ्या खोट्या नोंदी सॉफ्टवेअरमध्येच गाळायचं तुमच्या गटात ठरतंय, हे वाचून राहवलं नाही. एवढ्यात तसं करू नका.

ॲस्ट्रोसॅटवरचा सीझेडटी इमेजर आठव. 2015 साली तो अवकाशात गेला, त्यात 16,384 पिक्सेल. क्ष-किरणाचा फोटॉन एका पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉनवर आपटून शेजारच्या पिक्सेलमध्ये शिरला, की दोन्हीकडे एकाच वेळी नोंद होते. अशा जोड्यांच्या दिशा मोजूनच क्रॅब पल्सारच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण काढलं. तुमच्या खोट्या नोंदींमागचा क्रॉसटॉकही नेमका असाच दिसतो: शेजारी, त्याच क्षणी. सरसकट चाळणी लावली असती तर हाती काय उरलं असतं?

म्हणून आधी क्रॉसटॉकची वाट शोध. एकाच चॅनेलमध्ये टेस्ट पल्स सोड आणि बाकीचे सगळे वाच. फक्त डावी-उजवी पट्टी हलली, तर पट्ट्यांमधल्या कपॅसिटन्सकडे बघ. प्रीअँपचा इनपुट इम्पीडन्स जास्त असला की चार्ज शेजारी वळतो. चिपवरचे सगळे चॅनेल एकदम हलले, तर ग्राउंड किंवा बायसची वाट सामाईक आहे. पल्स न सोडताही नोंदी येत असतील, तर डिजिटल क्लॉक नाहीतर डीसी-डीसी कन्व्हर्टर.

क्लॉकला कमी लेखू नकोस. 300 मायक्रोमीटर सिलिकॉनमधून वेगवान प्रोटॉन गेला तर वीस-बावीस हजार इलेक्ट्रॉन सुटतात. 3.3 व्होल्टच्या क्लॉकची एक कड अवघ्या एका फेम्टोफॅरडमधून तेवढेच ढकलते! एवढा कपॅसिटन्स दोन ट्रेस जरा जवळून गेले तरी होतो. क्लॉक एलव्हीडीएसवर ने, ॲनालॉगपासून लांब ठेव. दोन्ही टोकांना ग्राउंड न केलेला गार्ड ट्रेस माझ्या मते नसलेलाच बरा.

आणि पल्स फक्त लहान ठेवू नकोस. प्रयोगशाळेतले म्युऑन सौम्य असतात. अवकाशात मात्र लोखंडाचं अणुकेंद्रकही येतं. त्याचा विद्युतभार 26, म्हणून त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या 676 पट चार्ज सोडतं. एक टक्का जरी गळला, तरी शेजारच्या पट्टीला जवळजवळ सात प्रोटॉन गेल्यासारखं वाटेल. एवढा मोठा पल्स द्यायला कॅलिब्रेशन सर्किटमध्ये सोय आहे का, ते आजच पाहा. बोर्ड छापून आल्यावर ती करता येणार नाही.

थर्मोव्हॅक चाचणीमध्ये हीच मोजणी उड्डाणाच्याच केबलवर, कन्व्हर्टर आणि ट्रान्समीटर चालू ठेवून पुन्हा कर. आकडे आले की मला पाठव.

तुझा,
मामा