आपल्या पाटाच्या उगमाकडची माणसे



आवर्तन लांबले की सात नंबरचा फॉर्म हातात घेऊन आपण पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात तावातावाने बोलतो. पण ते पाणी ज्या मुलखातून येते, तिथल्या माणसांची आपल्याला फारशी माहिती नसते. म्हणून या अंकात बेणेप्रक्रियेचा पाठ बाजूला ठेवून अकोल्याच्या डोंगरातील महादेव कोळी समाजाविषयी लिहीत आहोत.

भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. सुमारे ११ टीएमसी पाणी अडले आणि खाली प्रवरेच्या दोन्ही काठांनी उसाचे मळे उभे राहिले. वर मात्र जमिनी पाण्याखाली गेल्या.

जमीन जाण्याचे दुःख या समाजाला नवे नव्हते. घाटवाटा व किल्ल्यांची राखण हे त्यांचे जुने काम. इंग्रजी अंमलात ते हक्क गेले, कर्ज वाढले, सावकारांनी जमिनी लिहून घेतल्या. देवगावचे राघोजी भांगरे सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

पूर्वी समाजाचा कारभार जातपंचायत पाही. तिच्यात 'हाडक्या' आणि 'मडक्या' असेही मानकरी असत. वाळीत टाकलेल्याच्या दाराला हाड बांधणे हे हाडक्याचे काम! ती रीत मागे पडली, हे बरेच झाले.

आज तिथे पेसा कायदा आहे. संसदेने तो १९९६ साली केला, महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. आपण वार्षिक सभेत अहवालाला हात वर करतो अन् जेवायला पळतो. तिथल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी आहे, जमीन संपादनापूर्वी तिला विचारावे लागते आणि सावकारीवर नियंत्रणाचा अधिकारही तिच्याकडे आहे. ज्या सावकारीपायी राघोजी उठले, तिच्यावर ग्रामसभेचा अंकुश कागदावर यायला जवळजवळ दीडशे वर्षे गेली. कागदावरचे गावात उतरवणे, हे ग्रामसभा किती जागी आहे त्यावर ठरते.

पोटापाण्याचे साधन म्हणजे भात, नाचणी, वरई आणि जंगलातला हिरडा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले; २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्ही डिप्लोमात शिकलो त्यापेक्षा बियाण्याचे ज्ञान या बाईंकडे जास्त आहे, हे कबूल करायला लाज कसली?

घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात धो धो पाऊस. पण उताराची जमीन, खाली खडक. पाणी वाहून धरणात येते आणि तिथून आपल्या पाटात. भात निघाला की खाचरे कोरडी पडतात, अन् पुष्कळ घरांतली माणसे मजुरीसाठी नारायणगावची वाट धरतात.