परतायची वेळ कागलातच ठरव

पोरी, बोलोन्याहून फ्लॉरेन्सला पायी, तेही एकटीनं, म्हणजे भिकेचे डोहाळे असं दादा म्हणतोय. त्याचं मनावर घेऊ नकोस. वहिनीची झोप मात्र उडालीय, तेवढं ध्यानात ठेव. मी काही तुला अडवणार नाही. वाट तू चांगली निवडलीस, आणि मी ती चाललेली आहे, म्हणून चार गोष्टी कानावर घालते. बाकीच्या विसरलीस तरी चालेल, पहिली विसरू नकोस. एकटीनं जाताना खरी अडचण वाटेची नसते. ‘बास झालं, माघारी वळ’ असं म्हणणारं सोबत कुणी नसतं, ही खरी अडचण. म्हणून ते म्हणायचं काम इथं कागलात, डोकं थंड असताना, उरकून टाकायचं.

ते कसं करायचं, तर रोजच्या टप्प्याला एक कागद. त्यावर तीन ओळी: दुपारी दोनपर्यंत कुठं पोचायला हवं, नाही पोचले तर कुठल्या गावात थांबायचं, आणि तिथून बस किंवा गाडी मिळते का. एवढंच. दमलेला माणूस हिशेब करत नाही, हट्ट करतो. पायात गोळे आलेत, ढग उतरलेत, अजून सहा किलोमीटर बाकी आहेत, अशा वेळी नवा विचार करत बसायचं नाही. कागद काढायचा, वाचायचा आणि तसं वागायचं.

या वाटेला इटालियन लोक ‘विया देली देई’ म्हणतात, देवांची वाट. अंतर साधारण १३० किलोमीटर, पाच-सहा दिवसांचं. सुरुवात बोलोन्याच्या पियात्सा माज्जोरे चौकातून आणि शेवट फ्लॉरेन्सच्या पियात्सा देल्ला सिन्योरियात. मधे आपेनाइन डोंगर आडवा. उंची सगळ्यात जास्त बाराशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपलं कळसूबाई याहून उंच. पण उंचीच्या आकड्यावर जाऊ नकोस. एकदा चढून उतरलं की झालं, अशी ती वाट नाही, दिवसभर चढ-उतार चालूच असतो.

पहिल्या दिवशीच फसायला होतं. शहरातून बाहेर पडताना सान लुका देवळापर्यंत जवळजवळ चार किलोमीटरची छपरी कमानींची वाट आहे, ६६६ कमानी. माणसं तिथं फोटो काढत रमतात आणि मुक्कामाच्या सास्सो मार्कोनी गावी अंधारात पोचतात. कमानी बघ, जरूर बघ, पण आदल्या दिवशी, मोकळ्या हातानं जाऊन बघ. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास माडोन्ना देई फोर्नेल्ली गावाच्या पुढं जंगलात जुन्या फरसबंदी रस्त्याचे तुकडे लागतात. इ.स.पूर्व १८७ मधला रोमन लष्करी रस्ता तो हाच, असं तिथं मानतात. बोलोन्याच्या दोघा हौशी माणसांनी १९७९ पासून माती उकरून तो उजेडात आणला. पावसात ते दगड भलतेच निसरडे होतात, तिथं इतिहासाकडं कमी आणि पायाकडं जास्त बघायचं.

वाटेच्या खुणा म्हणजे झाडांवर, दगडांवर रंगवलेले लाल-पांढरे पट्टे. माझा नियम असा, की दहा मिनिटं चालूनही पट्टा दिसला नाही तर शेवटचा पट्टा जिथं बघितला तिथं परत जायचं. ‘पुढं दिसेल’ म्हणायचं नाही. ऑक्टोबरात बीचच्या झाडांची पानं गळतात आणि खालच्या दगडांवरचे पट्टे झाकले जातात, तेव्हा हा नियम जास्तच कामाला येतो. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घे, रेंज दर ठिकाणी असेलच असं नाही. आणीबाणीचा नंबर ११२. फोन लागला की आधी जागा सांगायची, मग काय झालं ते.

फुटा खिंडीत, ९०३ मीटरवर, जर्मन सैनिकांचं दफनस्थान आहे, दुसऱ्या महायुद्धातले तीस हजारांवर सैनिक तिथं पुरलेत. तिथं अर्धा तास काढच. याच इटलीत आपली मराठी पोरंही लढली. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले. सिपाई नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीकाठी जखमी सोबत्यांना पाठीवर घालून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. शाळेत आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, त्याचा मला अजून राग येतो.

आता सराव. जयसिंगराव तलावाकडं रोज सकाळी जातेस ते चांगलं, पण ते सपाटीवरचं चालणं. पन्हाळा ते पावनखिंड या जुलैतल्या मोहिमेत दोन दिवस चिखलातून चालून आलीस, त्यानं पायांना अंदाज आला असेल. तरी तो एकटीचा सराव धरू नकोस. तिथं पुढं-मागं शेकडो माणसं असतात, गावकरी जेवण देतात, चुकायची सोयच नाही. निघायच्या आधी जोतिबाच्या पायऱ्या पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन चढ आणि मुख्य म्हणजे उतर. उतारावरच बूट खरा कळतो. बोटं पुढं आपटत असतील तर बूट अर्धा नंबर मोठा हवा. नखं निघायच्या दोन दिवस आधी काप, आदल्या रात्री नको. आणि टाचेला चटका जाणवला की तिथंच बसायचं, मोजा काढायचा, चिकटपट्टी लावायची. मुक्कामावर गेल्यावर बघू म्हटलं की फोड आलाच समज.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत नको. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. अर्जात जो प्रवास लिहिशील तोच कर. पैसे दोन ठिकाणी ठेव, मोठ्या स्टेशनवर सॅक पोटाशी घे. लोकल गाडीचं छापील तिकीट चढण्यापूर्वी डब्याबाहेरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. नुसतं तिकीट आहे म्हणून तिथला तपासनीस सोडत नाही.

खाण्याचं वहिनीला आधी सांग, नाहीतर ती डबे भरेल. युरोपात दूध-मांसाचा कुठलाही जिन्नस नेता येत नाही. पेढे, खवा, तूप, सुकं मटण, सगळं विमानतळावर काढून घेतात. ताज्या मिरच्या, लिंबंही नकोत. कांदा-लसूण मसाला, भडंग आणि गुळाचा खडा ने, तेवढ्यावर आपलं माणूस कुठंही जगतं. दुपारी अडीचनंतर संध्याकाळी सातपर्यंत बरीचशी जेवणघरं बंद असतात. ब्रेड आणि फळं सकाळीच घेऊन ठेवायची.

बाईमाणूस म्हणून दोनच गोष्टी. मुक्कामाची जागा अंधाराआधी गाठायची, आणि एकटी आहेस हे कुणाला सांगत बसायचं नाही. कुणी विचारलंच तर ‘पुढच्या गावात माणसं वाट बघतायत’ म्हण. अशा वेळी खोटं बोलायला लाजायचं नसतं.

घरच्यांशीही करार करून जा. तिथं संध्याकाळी सातला एक मेसेज, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं साडेदहा. नाही आला तर रात्री कुणाला फोन करायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतही नाही आला, तर आधी मुक्कामाच्या जागी आणि मग वकिलातीत. हे ठरलेलं नसलं की इथं घर डोक्यावर घेतात आणि तिथं तू मेसेज करायला म्हणून कड्यावर रेंज शोधत हिंडतेस.

ही वाट पार पडली की तू नेपाळचं नाव काढणार, ते मला माहीत आहे. आपल्या कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट केल्यापासून कोल्हापुरातल्या निम्म्या पोरींच्या डोक्यात ते आहे. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे, तिथं आपेनाइनचे नियम पुरत नाहीत. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा. डोकं दुखून मळमळ सुरू झाली तर वर एक पाऊलही टाकायचं नाही. सरळ रेषेत चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. नेपाळनं १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना वाटाड्या सक्तीचा केलाय. त्यावर तोंड वाकडं करू नकोस. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद वादळ दोन दिवसांत हिमालयात बर्फ होऊन पडलं आणि थोरोंग ला खिंडीच्या परिसरात चाळीसवर माणसं गेली. बंगालच्या उपसागरातलं हवामान हिमालयातल्या माणसानं बघायचं असतं, ते आपल्याला कुठून सुचणार?

आणि फ्लॉरेन्स. तिथं तू उफीत्सी संग्रहालयात जाशील, दुओमो कॅथेड्रलच्या घुमटावर चढशील, ते मी सांगायला नको. पण सिन्योरिया चौकातून आर्नो नदीच्या काठानं पश्चिमेला पाच-सहा किलोमीटर चाल, कासिने बागेच्या पार टोकाला. मुन्योने नाला नदीला मिळतो तिथं आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. विलायतेचा दौरा करून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. त्या गावात हिंदू दहन कुणी बघितलेलं नव्हतं. खास परवानगी काढावी लागली, आणि संगम हवा म्हणून हीच जागा धरून रात्री नदीकाठी दहन झालं. १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे ज्यानं पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला त्याचाच. शेजारच्या १९७८ मधल्या पुलालाही लोक ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय, असंच म्हणतात. महाराजांची त्या प्रवासातली रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली. त्यांना मुलगा नव्हता. पहिला दत्तकही १८८३ मध्ये गेला, आणि १८८४ मध्ये आपल्या कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा यशवंत गादीवर बसला. तेच शाहू महाराज. तलावाला फेरी मारताना त्या नावाचा एवढा संबंध ध्यानात असू दे.

राजारामांबरोबर इंग्रज अधिकारी होता, नोकर-चाकर होते, तरी परक्या गावात ती धावाधाव झाली. तुझ्याबरोबर कुणीच नाही. म्हणून विम्याकडं व्हिसासाठी लागणारा कागद म्हणून बघू नकोस. शेंगेनला निदान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण त्यात डोंगरातून सोडवून आणायचा खर्च धरलाय का, पायी भटकंती चालते का, किती मीटरपर्यंत चालते, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाच. रक्तगट, औषधांची ॲलर्जी, वकिलातीचा नंबर आणि घरचे दोन नंबर एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून पासपोर्टच्या कव्हरात ठेव, फोनमध्ये नको. फोन बंद पडतो.

विम्याचा कागद, पासपोर्टची प्रत आणि त्या तीन-तीन ओळींचे सगळे कागद आज रात्रीच मला व्हॉट्सॲप कर. वहिनीला नको, मला.