भयमुक्त संगणक

संगणकासमोर प्रथमच बसणाऱ्या मुलाच्या मनात जिज्ञासेइतकीच धास्तीही असते. चुकीची कळ दाबली गेली तर यंत्र बिघडेल काय, घरच्यांचे हिशेब पुसले जातील काय, या शंकेने बोट कळफलकावर येऊन थबकते. ही धास्ती घालविणारी एक युक्ती आहे. तिला 'लाइव्ह' प्रणाली असे म्हणतात.

संगणकाची सर्व कामे ज्या मूळ आज्ञावलीच्या आधारे चालतात, तिला कार्यप्रणाली म्हणतात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' या प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला केला. तो कोणीही वाचावा, सुधारावा, दुसऱ्यास द्यावा. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली अशी संपूर्ण प्रणाली एका सीडीवर बसविली. सीडीत मावते अवघे ७०० मेगाबाइट. परंतु माहिती दाबून भरण्याच्या तंत्राने त्यांनी तीत सुमारे तिप्पट सामग्री सामावली!

आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. तो जोडून संगणक सुरू केला, की प्रणालीचे आवश्यक भाग तात्पुरत्या स्मृतीत येतात. हार्ड डिस्कला ती आपण होऊन हात लावीत नाही. विद्यार्थ्याने मांडणी कितीही उलटीपालटी केली, तरी संगणक बंद करताच पाटी कोरी होते. अर्थात लिहिलेला निबंधही त्याच पाटीबरोबर पुसला जातो! म्हणून तो वेगळ्या जागी जतन करण्यास आधी शिकले पाहिजे. 'इन्स्टॉल' हा पर्याय मात्र शिक्षकांवाचून निवडू नये; त्याने हार्ड डिस्कवरील माहिती खरोखरच पुसली जाऊ शकते.

पुण्यात १९८८ साली 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. 'परम' महासंगणकामुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. याच संस्थेच्या चेन्नई येथील केंद्राने २००७ साली लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. शाळांकरिता 'एज्युबॉस' ही निराळी आवृत्तीही निघाली. तिच्यासाठी वापरता येणाऱ्या इनस्क्रिप्ट कळफलकाची रचना मोठी सुबोध आहे. ज्या कळीने 'क' उमटतो, तीच शिफ्टसह दाबली की 'ख' उमटतो. 'ग' आणि 'घ' यांचेही तसेच. वर्णमाला येणाऱ्या मुलास निम्मे काम आधीच आलेले असते.

परंतु केवळ साधन हाती देऊन शिक्षण होत नाही. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने हे ओळखले. सुमारे दहा मिनिटांच्या एकेका पाठात पडद्यावर कृती दिसते आणि मराठीतून निवेदन ऐकू येते. एका बाजूस पाठ उघडावा, दुसऱ्या बाजूस तीच कृती करावी. अडले की पाठ थांबवावा. असे पाठ पेनड्राइव्हमध्येच भरून ठेवले, तर इंटरनेट नसलेल्या गावीही अभ्यास अडत नाही. ते भरताना शेकडो कार्यक्रमांचा सोस मात्र टाळावा. लेखन, चित्र, गणित यांपुरते मोजके कार्यक्रम घ्यावेत. आणि पहिला पाठ असावा तो संगणक नीट बंद कसा करावा याचा.