आधी कोणती जोडी?

सायली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन गावांतल्या तीन नोकऱ्यांबद्दल तू लिहितेस: बंगळूर नाशिकपेक्षा बरं, कारण पगार जास्त आणि कामही बरं. नाशिक पुण्यापेक्षा बरं, कारण घरी राहता येईल आणि पगारही थोडा अधिक. पुणं मात्र बंगळूरपेक्षा बरं, कारण काम मनाजोगं आणि घर चार-पाच तासांवर. ‘माझंच डोकं फिरलंय का?’ असं विचारतेस. नाही गं. १९५४ साली केनेथ मे या गणितज्ञाने कॉलेजातल्या ६२ विद्यार्थ्यांपुढे लग्नाची तीन काल्पनिक स्थळं ठेवली होती. बुद्धी, रूप, पैसा यांपैकी एका बाबतीत प्रत्येक स्थळ पहिलं, एकात दुसरं, एकात तिसरं. दोन-दोन स्थळं समोर ठेवून विचारलं, तेव्हा १७ जण तुझ्यासारखेच गोल फिरले.

या चक्राबद्दल पुस्तकांत नेहमी एक इशारा असतो: अशा माणसाला कोणीही दर अदलाबदलीला थोडे पैसे घेऊन फिरवत ठेवील आणि त्याचा खिसा रिकामा करील. मला ती भीती फारशी वाटत नाही. दुसऱ्या फेरीतच तू सावध होशील. काळजी वेगळीच आहे. आज आधी नाशिक आणि पुणे यांची तुलना केलीस तर नाशिक उरेल, मग बंगळूरशी गाठ पडली की बंगळूर. आधी बंगळूर-नाशिक घेतलंस तर शेवटी पुणं. आणि आधी पुणे-बंगळूर घेतलंस तर नाशिक. म्हणजे तुझा निर्णय तुझ्या आवडीवर नाही, कोणती जोडी आधी समोर आली यावर ठरणार. कंपनीच्या माणसाचा फोन आधी आला की बाबांचा, एवढ्यावर तुझी पुढची काही वर्षं जावीत, हे मला सोसवत नाही.

तू तक्ता करून प्रत्येक नोकरीला उपयोगितेचे गुण दिलेस आणि बेरीज पटेना म्हणून गुण बदलत बसलीस. बारावीच्या पुस्तकात उपयोगिता म्हणजे वस्तूची गरज भागवण्याची क्षमता, त्यामुळे ती नोकरीच्या आत कुठेतरी आहे आणि आपण फक्त मोजायची, असं तुला वाटतंय. गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात क्रम उलटा लावला. आधी तुझी पसंती. ती सुसंगत असेल तरच तिला आकडे जोडता येतात. उपयोगिता म्हणजे तेच आकडे. तुझी पसंती गोल आहे तोवर आकडे नाहीतच: बंगळूरचा आकडा नाशिकपेक्षा मोठा, नाशिकचा पुण्यापेक्षा, पुण्याचा पुन्हा बंगळूरपेक्षा, असा आकडा कुठून आणशील?

चक्र पडतं कुठे, तेही बघ. तू दर जोडीत कारणं मोजतेस, दोन विरुद्ध एक. किती फरक आहे हे विचारातच घेत नाहीस. नाशिक आणि पुणे यांच्या पगारातला फरक तूच ‘थोडा’ म्हणतेस आणि त्याला कामातल्या एवढ्या मोठ्या फरकाइतकंच एक मत देतेस!

म्हणून तिन्ही नोकऱ्या एकदम समोर ठेव. कोणती सर्वांत नको, ते ठरव. मग उरलेल्या दोहोंपैकी कमी आवडती घे आणि स्वतःला विचार: ही खात्रीची सोडून मी चिठ्ठी उचलीन का, जिच्यात सर्वांत आवडती नोकरी मिळेल किंवा सर्वांत नकोशी? दहांत नऊ चिठ्ठ्या आवडतीच्या असतील तर? सहा असतील तर? जिथे मन अडेल, तो तिचा आकडा, नकोशीचा शून्य आणि आवडतीचा दहा धरून. शून्य कुठे धरायचं ते आपल्या हाती, तापमापकासारखं. म्हणून तुझ्या आकड्यांची दादाच्या आकड्यांशी तुलना करू नकोस. बाबांच्या तब्येतीची काळजीही यात येऊ दे, ती वेगळी काढून ठेवू नकोस. आकडा म्हणजे तुझ्या सुखाचं माप नव्हे, तुला जे जे महत्त्वाचं वाटतं त्या सगळ्याचा तो हिशेब.

हे सगळं कंपनीला उत्तर देण्याच्या आदल्या रात्री करू नकोस, या रविवारीच कर. चिठ्ठ्यांचा प्रश्न कुठे अडतो ते मला फोनवर सांग. मी कोणत्याही गावाची बाजू घेणार नाही.

तुझा,
मामा